पाच कवड्या

आमच्या घरात समुद्रातून आलेली एकच वस्तू आहे. ती म्हणजे माझ्या आजीच्या गळ्यातली कवड्यांची माळ. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आमच्या घरातल्या कोणीच पाहिलेला नाही. आई-वडील ऊसतोडीला जातात, तेव्हा त्यांना भीमा दिसते, कृष्णा दिसते, पंचगंगा दिसते. पण त्या नद्या पुढे कुठे जाऊन मिळतात, हे पाहायला जाण्याची सवड त्यांना कधी झाली नाही. असे असूनही समुद्राच्या तळाशी जन्मलेल्या बहात्तर कवड्या बालाघाटाच्या माथ्यावर, आमच्या पत्र्याच्या घरात, खुंटीला टांगलेल्या असतात.

मांजरसुंबा म्हटले की बहुतेकांना चौक आठवतो. बीडहून घाट चढून वर आले की हा चौक लागतो. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. गाड्या थांबतात, लोक चहा पितात आणि पुढे जातात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणारे लोक इथे उतरतात. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आधी तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचे थवेच्या थवे इथून दक्षिणेकडे सरकतात. चौसाळा, येरमाळा, धाराशिव आणि मग तुळजापूर! त्यांतल्या कितीतरी जणांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असतात. लहानपणी मला वाटे की, ही सगळी माणसे माझ्या आजीच्याच नात्यातली आहेत.

माझी आजी आराधीण आहे. वडील तीन-चार वर्षांचे असताना फार आजारी पडले होते. तेव्हा तिने तुळजाभवानीला नवस बोलला आणि मूल उठून बसल्यावर तुळजापूरला जाऊन माळ घातली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन निघते, पाच घरी जोगवा मागते आणि परत येते. ज्वारी, पीठ, कधी डाळ, कधी चार-दोन रुपये. गुडघे चालत होते तोवर तीही ऊस तोडायला जात असे. गुडघे गेल्यावर ती घरी राहिली, आणि तिच्याबरोबर आम्ही दोघे भावंडे राहिलो. दसरा-दिवाळी झाली की आई-वडील ट्रॅक्टरमध्ये बसून जात, ते पाडव्याच्या आसपास परत येत. मधले पाच-सहा महिने आमचे सगळे आजीच. त्या महिन्यांत जोगव्याचे पीठ आमच्या ताटात किती वेळा आले असेल याचा हिशेब मी केलेला नाही. करण्याची हिंमतही नाही.

ही गोष्ट मी तिसरीत असतानाची, म्हणजे २०१४ ची. थंडीचे दिवस होते. शाळेत गुरुजींनी सांगितले की, फार पूर्वी नाणी-नोटा नव्हत्या तेव्हा लोक कवड्या देऊन वस्तू विकत घेत. ते ऐकून मी थक्क झाले. म्हणजे आमच्या घरात खुंटीला पैसेच टांगलेले होते, आणि आम्ही मात्र गरीब! माझी वही त्याच आठवड्यात संपली होती. मी पाटीवर लिहीत होते आणि त्यावरून बोलणीही खात होते. आजीला सांगायचे तर तिच्याजवळ पैसे नाहीत, हे मला कळत होते. दुपारी ती बाहेर ओट्यावर निवडत बसली असताना मी माळ उतरवली, गाठ सोडली, मोजून पाच कवड्या काढून घेतल्या आणि दोरा होता तसा पुन्हा बांधून ठेवला.

दुकानात चार-पाच माणसे उभी होती. मी मूठ उघडून कवड्या फळीवर ठेवल्या आणि म्हणाले, "एक वही द्या."

दुकानदाराने आधी कवड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बघा! म्हातारीनं आता जोगवा मागाया दुकानातबी पोरगी धाडली."

सगळे हसले. कोणी वाईट हेतूने हसले असेल असे आज मला वाटत नाही. पण त्या दिवशी मी कवड्या उचलल्या आणि पळत सुटले. रस्त्याच्या कडेला नाली होती, तिच्यात त्या फेकून दिल्या. घरी येऊन गोधडीत तोंड खुपसून झोपले. दुसऱ्या दिवशी आजीने माळ गळ्यात घातली, छातीवर हात फिरवला, क्षणभर थांबली आणि परडी उचलून निघून गेली. मला एका शब्दाने विचारले नाही. दोन दिवसांनी माझ्या दप्तरात एक नवी कोरी वही होती. ती कुठून आली हे मीही विचारले नाही. लहान मूल सुखाच्या बाबतीत फार चौकशी करीत नाही!

पण तो हशा मात्र माझ्या कानात बसला. पुढे जसजशी मी मोठी होत गेले तसतसे मला कळू लागले की, आपली मराठी भाषाही त्या दुकानदाराच्याच बाजूची आहे. भाव पडला की माल कवडीमोलाने जातो. कंजूष माणूस कवडीचुंबक असतो. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याजवळ फुटकी कवडीही नसते. दह्याची स्तुती करताना तेवढे आपण "कवडीसारखे लागले आहे" असे म्हणतो. एवढा एक अपवाद सोडला तर कवडीच्या वाट्याला चांगला शब्द येत नाही. दर वर्षी बाजारातून कांदा विकून आलेला माणूस पाराशी बसून "कवडीमोल, कवडीमोल" म्हणे तेव्हा मला वाटे की, हा आमच्या घराबद्दलच बोलतो आहे.

कॉलेजात आल्यावर मी एक गोष्ट केली. प्रवेशाच्या अर्जात पालकांच्या व्यवसायासमोर 'शेती' असे लिहिले. दीड एकर कोरडवाहू आहे, तेव्हा ते अगदी खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. आणि पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीने डबा खाताना सहज विचारले, "तुमच्याकडं त्या कवड्यांच्या माळा घालून बायका मागायला येतात ना गं? भीती नाही वाटत?" तेव्हा मी घास गिळला आणि म्हणाले, "येतात कधी कधी."

'येतात कधी कधी.' एवढे तीनच शब्द. पण ते मला दीड वर्ष टोचत राहिले.

यंदा इतिहासाच्या तासाला सरांनी इब्न बतूता शिकवला. मोरोक्कोहून निघालेला हा प्रवासी दिल्लीत राहिला आणि पुढे १३४३ च्या सुमारास मालदीव बेटांवर जाऊन तिथे काझी झाला. सर म्हणाले, "त्या बेटांचे पैसे समुद्रात पिकत असत. ते पैसे म्हणजे कवड्या." मी एकदम ताठ बसले. अकरा वर्षांपूर्वीच्या गुरुजींचे वाक्य पुन्हा कोणीतरी उच्चारले होते, आणि या वेळी कोणी हसत नव्हते.

तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेले. पुढचे पंधरा-वीस दिवस जे मिळाले ते वाचले. सरांनीही दोन पुस्तके दिली. त्यातून जे कळले ते मी इथे थोडक्यात सांगते.

कवडी हे एका समुद्री गोगलगायीचे घर आहे. प्राणिशास्त्रात तिला मृदुकाय प्राण्यांच्या उदरपाद वर्गात घालतात. शंख त्याच वर्गातला, आणि आपल्या शेतातली गोगलगायही त्याच वर्गातली. २०२२ च्या पावसाळ्यात बीड, लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. अंबाजोगाईकडे माझ्या मामाच्या शेतात आम्ही पहाटे उठून त्या वेचल्या होत्या आणि मीठ टाकून पोत्यांत भरल्या होत्या. ज्यांना आम्ही शिव्या देत वेचत होतो त्यांचीच एक लांबची बहीण आजीच्या गळ्यात होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

पैसा म्हणून चालली ती मुख्यतः एकाच जातीची कवडी. लिनियसने १७५८ साली तिला नाव दिले त्यातच 'मोनेटा' म्हणजे नाणे असा शब्द आहे. ती दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि उथळ, उबदार पाण्यात, प्रवाळांच्या आसऱ्याने राहते. लहानपणी तिचे घर साध्या गोगलगायीसारखेच पातळ आणि वेटोळ्याचे असते, त्याचे तोंड उघडे असते. वयात आली की त्या तोंडाची कड आत वळते, जाड होते, तिला दात फुटतात आणि वेटोळे आतल्या आत झाकून जाते. कवडीला ती चकाकी कशी येते हे मला सर्वांत आवडले. जिवंतपणी हा प्राणी आपल्या अंगाची मऊ घडी, जिला प्रावार म्हणतात, ती दोन्ही बाजूंनी बाहेर काढून घराच्या पाठीवर पांघरतो. त्या घडीतून चुन्याचे थरावर थर बसत जातात. इतर शंख-शिंपले बाहेरून खडबडीत होतात, झिजतात. कवडी मात्र आपले घर आपल्याच अंगाने झाकून ठेवते म्हणून ते आरशासारखे राहते.

मालदीवचे लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडत आणि त्यांना चिकटलेल्या कवड्या काढून घेत. मग त्या खड्ड्यात पुरून ठेवायच्या. आतला जीव कुजून गेला की पांढरे कवच तेवढे उरते. इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की, तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, आणि भाव पडला तर बारा लाखही! बंगालचे लोक तांदूळ घेऊन येत आणि कवड्या घेऊन जात. त्याच्याही आधी अल्बिरुनीने या बेटांना कवड्यांची बेटे म्हटले आहे.

आपल्याकडेही तिचा मान होता. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्यात सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. गुणाकार केला तर एका द्रम्माच्या बाराशे ऐंशी कवड्या होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालकडे एका रुपयाला सुमारे ५१२० कवड्या मिळत. सिल्हेट भागाचा सरकारी सारा तर कवड्यांतच गोळा होई आणि होड्या भरभरून ढाक्याला जाई. ओडिशात कंपनी सरकारने कवड्यांचे चलन बंद केले. गरीब शेतकऱ्याला सारा चांदीत भरणे अशक्य झाले, आणि १८१७ च्या पाइकांच्या उठावाची जी कारणे सांगतात त्यांत हेही एक आहे.

आणि मग मी एका पानावर थांबले. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजे भरून युरोपात नेल्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. एक-दोन नव्हे, अब्जावधी. तिकडे कवडीला मोल होते, म्हणून तिच्या बदल्यात इतर गोष्टींबरोबर माणसेही विकत घेतली गेली. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेलेली माणसे! पुढे एकोणिसाव्या शतकात झांजिबारकडच्या कवड्यांचा पूर तिकडे लोटला आणि कवडीचा भाव कोसळला.

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. जी माळ माझ्या वडिलांचा जीव वाचला म्हणून गळ्यात पडली, तिच्याच बहिणींनी कुणाच्या तरी वडिलांची किंमत केली होती. कवडीचा त्यात काय दोष? तिने आपल्या जिवाच्या रक्षणासाठी घर बांधले होते. त्यावर किंमत माणसाने लिहिली. कुठे वहीची, कुठे माणसाची, कुठे काहीच नाही.

त्या रात्री मी एक वेडा हिशेब केला. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून त्या कोयत्याला उचल मिळते, आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. उचल लाखाची धरली तर बंगालच्या जुन्या भावाने एक्कावन्न कोटी वीस लाख कवड्या होतात! मी गुलामांची आणि माझ्या आई-वडिलांची तुलना करीत नाही. त्या माणसांना परतीची वाट नव्हती. माझे आई-वडील पाडव्याला परत येतात, भांडतात, हसतात, लग्नाला जातात. पण ज्या माणसांना मी अर्जात 'शेती' या शब्दामागे दडवले, त्यांच्या मेहनतीची किंमत आधी ठरते आणि मेहनत मागून होते, हे मी पहिल्यांदा आकड्यांत मांडून पाहिले. आकडा मोठा होता, पण त्याने मन भरले नाही.

गेल्या मार्गशीर्षात माळेचा दोरा तुटला. शनिवारी मी घरी होते. आई-वडील कधीचेच गेले होते. आमच्या वस्तीवरची निम्म्याहून जास्त घरे कुलुपात होती. आजीला आता डोळ्यांनी फारसे दिसत नाही. तिने कवड्या पदरात गोळा करून माझ्यापुढे ओतल्या आणि म्हणाली, "ओवून दे बाई. सुईत दोरा जाईना मला."

मी आयुष्यात दुसऱ्यांदा त्या माळेला हात लावला. ओवता ओवता मी तिला सगळे सांगू लागले. समुद्र, बेटे, झावळ्या, खड्डे, सोन्याचे दिनार. कवडी म्हणजे गोगलगायीचे घर, हे तिला ठाऊक नव्हते. चाळीसहून जास्त वर्षे गळ्यात घातली, पण हे कोणी तिला सांगितले नव्हते. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटले, सोन्याचे ऐकून तिला नवल वाटेल. पण तिने विचारले ते वेगळेच.

"मंग आतलं लेकरू कुठं गेलं?"

"मेलं की आज्जी. खड्ड्यात पुरायचे. कुजून गेल्यावर नुसतं कवच उरायचं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग एक कवडी चाचपून हातात घेत म्हणाली, "म्हंजे हे रिकामं घर हाय व्हय कुणाचं तरी. आपल्या वस्तीवानी."

बाहेर खरोखरच काही आवाज नव्हता. समोरच्या घराला कुलूप, बाजूच्या घराला कुलूप, दारात एक म्हातारा आणि दोन शेळ्या. मला इतके दिवस ग्रंथालयात बसून जे उमगले नव्हते ते तिने दोन वाक्यांत सांगितले. मी तिला येरमाळ्याचे सांगितले. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत ती दर वर्षी चुन्याच्या रानात खडे वेचायला जात असे. तो चुनखडीचा खडा आणि ही कवडी एकाच चुन्याची, असे म्हटल्यावर तिने मान डोलावली. "मग बरोबरच हाय," ती म्हणाली. तिला ते आधीपासूनच ठाऊक असावे अशा थाटात!

निम्मी माळ ओवून झाली होती. एवढ्यात माझ्या बोटांना एका कवडीच्या कडेला बारीकशी रेघ लागली. साच्यातून काढलेल्या वस्तूला असते तशी. मी ती उजेडात धरली. प्लास्टिकची होती! मग दुसरी सापडली, तिसरी सापडली. मी सगळ्या पुन्हा तपासल्या. मोजल्या तर नेमक्या पाच.

माझे हात थांबलेले आजीला कळले.

"सापडल्या व्हय?" ती म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"मीच आणलेल्या. डोळ्याला दिसत न्हाई, पण गळ्याला कळतंय. खरी कवडी पहाटं गार लागती. ह्या पाच लागत न्हाईत."

मला बोलवेना. अकरा वर्षांपूर्वीचा तो हशा पुन्हा कानात आला. मी नालीचे सांगितले, दुकानाचे सांगितले, सगळे सांगितले. ती मधेच म्हणाली, "ठावं हाय मला. त्याच दिवशी बायांनी सांगितलं. सगळ्या गावाला ठावं हुतं."

"मग मला रागावली का नाहीस?"

"काहून रागवू? तू काय गोळ्या-बिस्किट आणाया गेली न्हवतीस."

मग तिने सांगितले. माळ अपुरी ठेवायची नसते, म्हणून तिने तुळजापूरहून पाच कवड्या आणायला पैसे बाजूला ठेवले होते. आईने जाताना हातखर्चाला दिलेल्यांतले. पण माझ्या दप्तरात वही नव्हती. तिने त्या पैशांतून आधी वही आणली. नंतर तुळजापूरला गेली तेव्हा खऱ्या कवड्यांपुरते पैसे उरले नव्हते. महाद्वाराबाहेरच्या दुकानात या प्लास्टिकच्या स्वस्तात मिळाल्या, त्या आणल्या. माळेत ओवल्या आणि देवीपुढे उभी राहून सांगितले.

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, पाच वहीत गेल्या. दोष लागला तर मला लागू दी, पोरीला नगं."

मी लहानपणापासून समजत आले होते की, त्या कवड्यांनी काहीच विकत घेता आले नाही. दुकानदार हसला होता ना! आणि खरे तर त्यांच्याच पैशाने वही आली होती. ती मी वापरली होती, तिच्यावर पाढे लिहिले होते, आणि संपल्यावर ती कुठे गेली ते मला आठवतही नाही. इब्न बतूताचा भाव, भास्कराचार्यांचे कोष्टक, सिल्हेटच्या होड्या हे सगळे मी वहीत उतरवून घेतले होते. पण पाच कवड्यांना एक वही, हा भाव मला कोणत्याच पुस्तकात सापडला नव्हता. तो आमच्याच घरात, तोही एकदाच, चालला होता.

मी म्हटले, "आज्जी, मला शिष्यवृत्ती मिळाली की पाच खऱ्या आणते. या काढून टाकू."

"न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दी. देवीला सांगून घातल्यात. आता त्या बी खऱ्याच हायत."

मी सगळ्या ओवल्या. बहात्तर. तिने माळ गळ्यात घातली, छातीवर हात फिरवला, आणि या वेळी तो कुठे थांबला नाही.

ओवून झाल्यावर मी तिला एक प्रश्न विचारला. तो आमच्या घरात कोणी उघड बोलत नाही. तिच्यामागे ही माळ कोणी घालायची? आईला ऊसतोड सुटत नाही. मी थोरली नात. आराधी लोकांत असे पुढे चालत आलेले मी पाहिले आहे. हा प्रश्न विचारताना मला भीती वाटत होती. तिने 'तू' म्हटले असते तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. परडी घेऊन पाच दारांत उभे राहणे मला जमेल असे मला वाटत नाही. तिचा देवीवर आहे तसा विश्वास माझा आहे का, हेही मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

ती म्हणाली, "नवस माझा हुता. फिटला. माळ देवीला वाहायची. तू ती नेऊन दे म्हंजे झालं. पर जाताना चालत जा. गाडीनं नगं."

तेवढे मी कबूल केले आहे. मांजरसुंब्यापासून तुळजापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ती वेळ लवकर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

यंदाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात मी पालकांच्या व्यवसायासमोर 'ऊसतोड कामगार' असे लिहिले. त्यात मोठे धैर्य केले असे नाही. खरे लिहायला सहा अक्षरे जास्त लागली, एवढेच.

आता एक काम उरले आहे. डबा खाताना तो प्रश्न विचारणारी माझी मैत्रीण अजून माझ्याच वर्गात आहे, आणि हा अंक तिच्या हाती पडेलच. तिने कसलाही कमीपणा दाखवण्यासाठी विचारले नव्हते, हे मला माहीत आहे. म्हणून दीड वर्षापूर्वीचे ते उत्तर मी इथे दुरुस्त करते. आमच्याकडे कवड्यांची माळ घालून कोणी मागायला येत नाही, बाई. आमच्याच घरातून जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी. ती माझी आजी आहे. तू एकदा आमच्या घरी ये. पहाटे लवकर ये, म्हणजे माळेतल्या खऱ्या कवड्या कोणत्या आणि माझ्या पाच कोणत्या, ते तुला गालाला लावून कळेल.